अंगठा म्हणजे संमती नव्हे

रोग्याच्या मेंदूत काय उणे आहे, हे निरोगी मेंदू मोजल्याशिवाय कसे कळणार? हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने एम.आर.आय. यंत्रावर निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूतील ग्लुटाथायोन हे द्रव्य मोजले. ना सुई, ना क्ष-किरण. अल्झायमरच्या रुग्णांत तेच द्रव्य कमी आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. निरोग्यांचे माप हाती होते, म्हणूनच 'कमी' म्हणता आले.

परंतु इजा नाही, म्हणून संमती गौण ठरत नाही. आमच्या घरात सही करणारा मी पहिलाच; न वाचता उमटलेले अंगठे मी पाहिले आहेत. संमतिपत्र स्वयंसेवकाच्या भाषेत असावे, असा दंडक आहे. पण भाषांतर झाले म्हणजे अर्थ पोचला असे नव्हे. आईला उमजेल असे संमतिपत्र मराठीत लिहिणे, मित्रहो, हे आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.