उसाचं बगॅस पाण्यातलं क्रोमियम धरतं, पण पुढे त्या बगॅसचं काय?

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या भागात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा प्रदूषण सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. जड धातूंचं तसं नसतं. पाण्यात थोडंसं निकेल किंवा शिसं असेल तर ना वास येतो, ना रंग बदलतो. सातारा आणि कुपवाडच्या एमआयडीसीत इंजिनिअरिंगची कामं चालतात, आणि अशी कामं आली की प्लेटिंग लागतंच. त्यात कृष्णा साताऱ्यातून, कराडला कोयनेला भेटून सांगलीत येते. वरच्यांनी सोडलेलं खालच्यांच्या वाट्याला.

यावर इंजिनिअरिंग कॉलेजांत एक लाडका प्रोजेक्ट असतो: बगॅस, भुईमुगाची टरफलं किंवा भाताचं तूस वापरून धातू काढायचा. कल्पना खरी आहे. बगॅसमधल्या सेल्युलोज आणि लिग्निनवर हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल असे रासायनिक गट असतात, त्यांना धातूचे आयन चिकटतात. एसटीतल्या सीटसारखं समजा. सीट ठरलेल्या, भरल्या की संपलं. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन आधीच येऊन बसतात आणि शिसं, निकेल उभेच राहतात. प्लेटिंगमधल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं मात्र उलटं. ते पाण्यात ऋणभारित असतं आणि पीएच २ च्या आसपास सगळ्यात चांगलं चिकटतं. म्हणजे निकेल आणि क्रोमियमचं पाणी एकाच टाकीत गेलं, की एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय.

आता हिशोब करू. समजा, एका छोट्या युनिटमधून दिवसाला १०,००० लिटर पाणी निघतं आणि त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम आहे. रोजचं झालं ५०० ग्रॅम. एक ग्रॅम सुकं बगॅस २० मिलिग्रॅम धरतं असं मानलं, तर रोज २५ किलो लागेल. टनभर उसामागे साधारण २८० किलो बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. तरीही दोनशे किलो उसाच्या चिपाडांत दिवस निघतो. (फुकट मात्र मिळणार नाही. कारखान्याला ते बॉयलरसाठी आणि वीजनिर्मितीसाठी हवंच असतं.)

माल मिळेल, पण निकाल पुरेल का? प्रोजेक्टच्या पोस्टरवर ‘९५ टक्के क्रोमियम काढलं’ असं लिहिलेलं असतं. ५० चे ५ टक्के म्हणजे लिटरला अडीच मिलिग्रॅम. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा आहे ०.१. म्हणजे पोस्टरवर पास झालेलं पाणी मर्यादेच्या २५ पट. आमच्या क्षेत्रात याला ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ म्हणतात.

खरी भीती वेगळीच आहे. संध्याकाळी त्या युनिटच्या कोपऱ्यात २५ किलो क्रोमियमवालं चिपाड पडलेलं असेल. दिसायला साधं बगॅस! कुणीतरी ते वीटभट्टीला देईल, कुणी खत म्हणून रानात टाकेल. बगॅस जळतं, क्रोमियम जळत नाही. ते राखेत उरतं. रसायनाने धुऊन बगॅस पुन्हा वापरता येतं, पण मग धुतलेलं पाणी आधीपेक्षा जास्त विषारी. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा माल अधिकृत सुविधेकडेच जायला हवा. पुणे जिल्ह्यात रांजणगावला तशी सुविधा आहे. साताऱ्या-सांगलीहून तिथवरचं भाडं धरलं की ‘स्वस्त’ शब्द जरा जपूनच वापरावा लागतो.

सध्याच्या पद्धतीत आधी सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोमियमचं रूप बदलतात, मग चुना घालून गाळ खाली बसवतात. हा गाळही घातकच, पण त्याला कुणी सरपण समजत नाही. माझ्या मते मोठं काम याच पद्धतीकडे ठेवावं आणि बगॅस शेवटच्या गाळणीला लावावं. तिथे लिटरला १ मिलिग्रॅम धातू उरला असेल तर दिवसाचे १० ग्रॅमच धरायचे. इतक्या विरळ पाण्यात बगॅसची पकड निम्मी झाली तरी दिवसाला किलोभर पुरेल, आणि महिन्याकाठी तीसेक किलो वापरलेला माल कुलूपबंद पिंपात ठेवणं छोट्या कारखानदारालाही जमेल.