निर्दय देवदूताचे प्रमेय

जपानी चित्रमालिका पाहणाऱ्या मुलांच्या ओठांवर त्या मालिकांची शीर्षकगीतेही येऊन बसतात. घरातील वडीलधाऱ्यांना ती कर्कश वाटतात आणि ‘मागणीबरहुकूम घडविलेला माल’ असे म्हणून सुशिक्षित मनुष्यही त्यांची बोळवण करतो. या मताचा पुनर्विचार करावयास लावील असे एक गीत आज वाचकांपुढे ठेवतो. त्याचे जपानी नाव ‘झान्कोकु ना तेन्शी नो तेझे’. म्हणजे ‘निर्दय देवदूताचे प्रमेय’.

हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली ‘निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन’ ही मालिका ४ ऑक्टोबर १९९५ पासून टीव्ही तोक्यो वाहिनीवर सुरू झाली. तिचे हे शीर्षकगीत त्याच महिन्याच्या २५ तारखेला स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून विक्रीस आले. शब्द नेको ओइकावा यांचे, चाल हिदेतोशी सातो यांची आणि गळा योको ताकाहाशी यांचा. आपल्या संगीत नाटकात पडदा उघडताना नांदी असते, तसे मालिकेच्या प्रत्येक भागाच्या आरंभी हे गीत येते. मात्र तेथे त्याच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट असते.

ओइकावाबाई नवख्या नव्हत्या. त्यांनी लिहिलेल्या एका गीताला १९८९ चा ‘जपान रेकॉर्ड अवॉर्ड’ मिळाला होता. या मालिकेचे काम हाती आले तेव्हा त्यांनी आरंभीचे एकदोन भाग भराभर पुढे सरकवीत पाहिले आणि सुमारे दोन तासांत गीत लिहून दिले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की, यात अंतःकरणाचा उमाळा कोठून यावा?

परंतु त्यांनी विषय कोणत्या बाजूने धरला ते पाहावे. मालिकेचा नायक शिंजी हा चौदा वर्षांचा भित्रा मुलगा. बाप त्याला बोलावून घेतो आणि एका अजस्र यंत्रदेहात बसवून युद्धाला धाडतो. असल्या कथेला कोणीही वीरश्रीचे गाणे दिले असते. ओइकावाबाई उभ्या राहिल्या त्या मातेच्या जागी. समोरचा मुलगा अजून तिच्याकडेच टक लावून पाहतो आहे. त्याच्या पाठीवर पंख आहेत, हे त्याला ठाऊक नाही, तिला मात्र ते दिसतात. एके दिवशी तो उडून जाणार, हेही ती जाणते. आणि तरीही, जा, मोठा हो, असेच ती त्याला सांगते.

येथे शब्दाची एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. मालिकेत शत्रूंना ‘शितो’, म्हणजे ईश्वराचे प्रेषित, म्हटले आहे. गीतातला शब्द ‘तेन्शी’, म्हणजे देवदूत, हा वेगळा आहे. इंग्रजी भाषांतरात दोन्हींना एकच शब्द योजल्याने हा भेद पुसला जातो आणि निर्दय देवदूत म्हणजे शत्रूच, असे वाटू लागते. माझ्या वाचनाप्रमाणे तो निर्दय देवदूत म्हणजे ते मूलच होय. मूल निर्दय असते ते दुष्टपणाने नव्हे, तर मागे वळून न पाहता मोठे होण्याच्या आपल्या स्वभावधर्माने. ‘तेझे’ हा जर्मन भाषेतून जपानीत गेलेला शब्द; भूमितीच्या तासाला शोभणारे ‘प्रमेय’ गाण्याच्या नावात आले आहे, ते बहुधा या अटळपणासाठीच.

दहावीचा निकाल लागून मुले परगावी निघतात, तेव्हा दाखला घेण्यासाठी सोबत आलेल्या आईच्या चेहऱ्यावर अभिमान आणि धास्ती एकाच वेळी उमटलेली मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. ती भावना जपानी मातेची वेगळी नसावी.

२०११ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी, जपानमधील गीत-संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या जसरॅक या संस्थेचा सुवर्ण पुरस्कार या गीताला मिळाला. वर्षभरात ज्या रचनेला सर्वाधिक मानधन वाटले जाते, तिला हा मान मिळतो. दोन तासांत लिहिलेले गीत एवढे टिकले, कारण लिहिणारीला त्या घाईतही एक खरे नाते सापडले होते. मागणी कोणाची आणि वेळ किती, यावर लेखनाचा कस ठरत नाही.

तेव्हा घरातले मूल असे काही गुणगुणू लागले, तर ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वी त्याला गाण्याचा अर्थ विचारावा. कदाचित ते गाणे आपल्याविषयीच असेल.