भोपळ्याच्या बिया : मुद्दल आणि व्याज

लाल भोपळा चिरण्याचा क्रम घरोघरी ठरलेला असतो. मधला तंतुमय गाभा बियांसकट खरवडून काढावयाचा, तो ओल्या कचऱ्यात टाकावयाचा आणि मग फोडी करावयाच्या. त्याच स्वयंपाकघरात सुक्या मेव्याच्या बरण्यांशेजारी सोललेल्या हिरव्या बियांचे पाकीट असते. त्यातील बराच माल परदेशातून येतो आणि पाव किलोला जी रक्कम मोजावी लागते, तेवढ्यात बाजारातून एखाद-दुसरा अख्खा भोपळा बियांसह घरी येऊ शकतो. हिशेब जाणणाऱ्या कुटुंबाने या दोन्ही नोंदी एकाच पानावर मांडून पाहाव्यात, एवढ्यासाठी आजचा हा विषय.

नोकरीच्या निमित्ताने माझी काही वर्षे जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत गेली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता. डोंगरउताराची जमीन, चार महिने कोसळणारा पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट, असे येथील जीवन. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी ही येथील माणसे. शेतात भात, नाचणी, वरई, उडीद आणि खुरासणी, तर घराच्या अंगाला भोपळा, काकडी, दुधी यांचे वेल. पावसाच्या आरंभी लावलेला भोपळ्याचा वेल कुडावर किंवा छपरावर चढतो आणि दिवाळीच्या सुमारास फळे पक्व होतात. देठासह उतरवलेले, साल टणक झालेले फळ कोरड्या जागी काही महिने टिकते. त्याच सुमारास अनेक कुटुंबे भिवंडी, वसईकडील वीटभट्ट्यांवर कामासाठी निघतात. म्हणून आठवडे बाजारात तेव्हा भोपळे पुष्कळ दिसतात आणि भावही पडलेला असतो.

तेथील बायका बिया फेकत नाहीत. फळ कापले की बियांचे दोन वाटे होतात. भरलेल्या, टपोऱ्या बिया वेगळ्या काढून सावलीत वाळवतात, राखेत घोळवतात आणि पुढच्या पेरणीसाठी जपून ठेवतात. राखेने ओल शोषली जाते आणि बियाण्यास सहसा कीड लागत नाही. उरलेल्या बिया तव्यावर भाजून मुलांच्या हातावर ठेवल्या जातात. हा क्रम पाहताना मला आमच्या व्यवसायातील पहिला धडा आठवे: मुद्दल बाजूला, मग व्याज खर्चास. जो मुद्दलच खाऊन टाकतो, त्यास पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते.

हे केवळ दृष्टांतादाखल म्हणत नाही. पावसाळ्यात घरातील धान्य संपते आणि नवे पीक अद्याप दूर असते, ते महिने या भागात नेहमीच कठीण गेले आहेत. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्जाची योजना राबवली गेली, ती याच तुटीच्या दिवसांसाठी. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. अशा दिवसांत पोटासाठी बियाणे खाल्ले गेले, तर पेरणीच्या वेळी उसनवारीवाचून गत्यंतर नसते. भूक लागलेली असताना राखेतल्या बियांना हात न लावणे यास किती निग्रह लागत असेल, याची कल्पना आपण भरल्या घरात बसून करावी.

आता बियांच्या गुणांविषयी. १०० ग्रॅम सोललेल्या वाळक्या बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, जवळपास ५० ग्रॅम स्निग्धांश, सुमारे ५९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, सुमारे ९ मिलिग्रॅम लोह आणि ८ मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असते. अर्थात मूठभर बियांनी कुपोषण मिटत नाही. त्यासाठी पोटभर जेवण, रोजगार आणि वेळेवर औषधोपचार लागतात. परंतु डाळ-कडधान्यावर विसंबणाऱ्या शाकाहारी घराने एवढा ऐवज कचऱ्यात टाकावा, हेही समर्थनीय नाही.

कृती सोपी आहे, मात्र घाई चालत नाही. गाभा काढल्यावर गाळलेल्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात तो चोळावा. बिया वर तरंगतात आणि तंतू सुटे होतात. एक बी चाखून पाहावी. कडू लागल्यास ते फळ आणि त्याच्या बिया दोन्ही वापरू नयेत, कारण तो कडूपणा अपायकारक असतो. धुतलेल्या बिया कागदावर पसरू नयेत, त्या चिकटतात. ताटात किंवा सुती कापडावर पसराव्यात आणि वरून पातळ मलमल घालावी, म्हणजे त्यांवर जीवजंतू बसत नाहीत. खाण्याच्या बियांना दोन दिवसांचे ऊन पुरेसे होते. सायंकाळी त्या घरात घ्याव्यात.

खारवायच्या असतील, तर दोन वाट्या पाण्यात एक चमचा मीठ घालून त्यात बिया दहा मिनिटे उकळाव्यात, निथळून पुन्हा कोरड्या कराव्यात. मीठ टरफलाच्या आत पोहोचते, ते याच रीतीने. वरून भुरभुरलेले मीठ डब्याच्या तळाशी जाते. मग जाड बुडाच्या लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत हलवत दहा ते पंधरा मिनिटे भाजाव्यात. बिया फुगू लागतात, तडतड असा आवाज येतो आणि रंग बदामी होतो, तेव्हा आच बंद करावी. कढईची उष्णता काही वेळ टिकते, म्हणून बिया लगेच ताटात काढाव्यात. मोठी आच ठेवल्यास टरफल करपते आणि आतला गर कच्चा राहतो. फुटाणे भाजणारा भट्टीवाला तापलेल्या वाळूत दाणे घोळवतो, त्याच तत्त्वाने कढईत वाटीभर खडे मीठ तापवून त्यात बिया भाजल्यास सर्व बाजूंनी सारखी आच लागते. नंतर चाळणीने मीठ वेगळे करून पुन्हा वापरता येते.

पूर्ण गार झाल्यावरच बिया डब्यात भराव्यात; गरम भरल्यास वाफेने मऊ पडतात. त्यांत तेल भरपूर असल्याने त्या फार दिवस ठेवल्यास खवट होतात, म्हणून पंधरा दिवसांपुरत्याच कराव्यात. देशी भोपळ्याचे टरफल जाड असते. दातांनी फोडून आतला गर खावा. लहान मुलांना सोलून आणि कुटूनच द्यावा. गरात भाजलेले जिरे, सुकी मिरची, सुके खोबरे आणि मीठ घालून कुटले, की लसणावाचूनही उत्तम कोरडी चटणी होते.

भाजण्यापूर्वी मात्र मोखाड्यातील तो क्रम पाळावा. फळ देशी आणि गोड निघाले, तर दहा-बारा टपोऱ्या बिया आधी बाजूला काढून सावलीत वाळवाव्यात आणि गावी ज्यांचे परसू असेल त्यांना द्याव्यात. संकरित वाणाच्या फळातील बिया खाण्यास चालतात, परंतु त्यांपासून तसेच फळ येईल याची खात्री नसते. देशी वाणाचे मोल येथे कळते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच घरची बियाणी जपून बीज बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा किराणा-भुसाराचा व्यवहार आहे. त्यांना एक विचार सुचवावासा वाटतो. आयात केलेल्या पाकिटांशेजारी जव्हार-मोखाड्याच्या महिला बचत गटांकडून घेतलेल्या भाजक्या बिया ठेवता येतील. वजन चोख, भाव रास्त आणि पैसे रोख, एवढे पाळले तर दिवाळीनंतर एखाद्या घराचे भट्टीवर जाणे चार दिवस तरी लांबेल. पण चांगला भाव मिळतो म्हणून राखेतली बीही विक्रीस येऊ शकते; मग पुढच्या पावसात त्या छपरावर वेल नसेल आणि आपल्या दुकानात मालही नसेल. म्हणून खरेदी करताना पेरणीचे बियाणे घरात राखले आहे ना, एवढे विचारून घ्यावे. उत्तर नाही असे आले, तर त्या घरापुरता सौदा तेवढ्यावर थांबवावा.