सत्र संपताना

सत्र संपत आले की पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसायला जागा मिळत नाही. बीड, परभणी, नंदुरबारहून आलेली मुलेमुली कॉट बेसिसवरच्या खोल्यांत झेरॉक्सच्या गठ्ठ्यांशी झुंजत असतात. जर्नलवरच्या सह्या, तोंडी परीक्षा, मागे राहिलेला एखादा विषय, आणि नेमका तेव्हाच मेसचा महिना संपलेला. घरून फोन आला की उत्तर ठरलेले : जेवलो, अभ्यास चालू आहे.

या अंकासाठी आम्ही अशाच विद्यार्थ्यांना लिहिते केले. परीक्षेच्या धास्तीबद्दल ते लिहितील असे वाटले होते. बहुतेकांनी लिहिले ते निकालाची वाट पाहण्याबद्दल, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे परीक्षा संपल्यावर 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लागायला हवा. तो लांबला की पुढचा प्रवेश अडतो, शिष्यवृत्ती अडते, हाती आलेली नोकरीही निसटते. शेतमजुराच्या मुलीला शहरात एक महिना जास्त राहायचे म्हणजे पुन्हा खोलीभाडे, पुन्हा मेसचे पैसे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ची वाट आजही अनेकांना तारते; पण दुसऱ्याच्या दिरंगाईची भरपाई या मुलांनी आपल्या श्रमातून का करावी?

विद्यापीठांना आमची विनंती आहे : परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबरच निकालाची तारीखही जाहीर करा, आणि ती पाळा.