खाडींतील रोहित

सुट्टीचा दिवस आला म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मंडळींस माथेरान आठवतें, महाबळेश्वर आठवतें. पण आपल्या उंबऱ्याशीं येऊन राहिलेले पाहुणे पाहावे, असें फार थोड्यांच्या मनांत येतें. ठाण्याच्या खाडींत थंडी पडूं लागली कीं रोहित पक्षी उतरतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत मुक्काम करतात. फ्लेमिंगो हें नांव आतां मुलांच्याहि तोंडीं आहे. २०१५ सालीं सरकारनें येथील सुमारें १,६९० हेक्टर खाडी व तिवरांची झाडी अभयारण्य म्हणून राखली. २०२२ सालीं तिला रामसर यादींत स्थान मिळालें.

ऐरोलीहून होडीनें जातां येतें. मात्र निघण्यापूर्वीं पंचांग पाहावें. ही थट्टा नव्हे! तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हा कोंकणच्या दर्यावर्दींचा जुना आडाखा: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. खाडीच्या आंतल्या अंगास पाणी चढण्यास थोडा अधिक वेळ लागतो. पुऱ्या ओहोटींत होडी चिखलांत रुतते, पुऱ्या भरतींत चिखल बुडून पक्षी उडून जातात. तेव्हां चढत्या पाण्याची मधली वेळ साधावी. आम्हीं माघांतील संकष्टीस गेलों. उपवास असूनहि काकू होडींत सर्वांत पुढें बसल्या होत्या.

दुरून गुलाबी रेघ दिसते. जवळ गेल्यावर तिला माना फुटतात. हा पक्षी डोकें उलटें करून चोंच पाण्यांत बुडवितो, जिभेनें पाणी आंत-बाहेर खेळवितो व चोंचीच्या कडेच्या बारीक कंगव्यांनीं सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. कांहीं पक्षी करडे कां, असें मुलांनीं विचारलें. तीं पिल्लें होत. गुलाबी रंग जन्माचा नव्हे, अन्नांतील रंगद्रव्यांनीं तो सावकाश चढतो.

पण भरतीनें चिखल झांकला कीं हे थवे जातात कोठें? पुष्कळसे नेरूळ-बेलापूरकडील तळ्यांवर विसांव्यास जातात, आणि तीं तळीं अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. सरकारनें त्यांचें ताट राखलें, अंथरूण उघड्यावर राहिलें! २०२४ च्या उन्हाळ्यांत नेरूळकडे कित्येक रोहित मेलेले आढळले. त्याच मे महिन्यांत एका रात्रीं घाटकोपरवर विमानाच्या धडकेनें ३० हून अधिक पक्षी पडले. विसांव्याच्या जागा बिघडल्यानें थवे वाट बदलतात, असें पक्षीमित्रांचें म्हणणें आहे. त्याचा निवाडा तज्ज्ञांनीं करावा. पण भरलेलें तळें बुजविण्यापूर्वीं तो व्हावा, एवढा आग्रह आम्ही धरतों.

ज्या वाचकांच्या गच्चीवरून हीं तळीं दिसतात, त्यांनीं भरतीच्या वेळीं किती पक्षी उतरले याचें तारीखवार टिपण हिशेबाच्या वहींत ठेवावें. मुलांस हें काम फार आवडतें. टिपणें आमच्याकडे आल्यास पुढील अंकीं छापूं.