शेवटचा मैल की पहिला?

(द्वितीय वर्ष कला, भूगोल विभाग)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकांच्या जाळ्याविषयी लिहावे, हे पाहून काही जणांच्या भुवया उंचावतील. हा प्रांत अभियंत्यांचा. आपण कविता कराव्यात, फार तर दुष्काळावर निबंध लिहावा, अशी एक समजूत आहे. पण आज कॉलेजचा प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल, वडिलांचा सातबारा हे सगळे त्या जाळ्यातूनच येते. ज्या वाटेने आपले भवितव्य ये-जा करते, ती वाट कोणी आखली, कुठवर आखली आणि कुठे सोडून दिली, हे विचारण्याचा अधिकार एकट्या अभियंत्यांचा कसा असेल? रस्ता कुठून जावा हे विचारायला माणूस स्थापत्यशास्त्र शिकलेला असावा लागत नाही. त्याच्या वस्तीपर्यंत रस्ता आलेला नसला म्हणजे पुरे!

या जाळ्याच्या शास्त्रात 'थर' ही कल्पना पायाभूत आहे. १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने सात थरांचा एक आराखडा प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'ओपन सिस्टिम्स इंटरकनेक्शन' असे भारदस्त असले, तरी त्यातली कल्पना आपल्या टपालखात्याइतकी सोपी आहे. आजी मजकूर सांगते, नातू तो लिहितो, पाकिटावर पत्ता घालतो आणि पेटीत टाकतो. टपाल कचेरीत पाकिटांची थैली बांधली जाते. थैली एस.टी.ने किंवा रेल्वेने जाते आणि शेवटी पोस्टमन सायकल मारीत दारात येतो. आजीला रेल्वेचे वेळापत्रक ठाऊक नसते, आणि थैलीत कोणाच्या लग्नाची बातमी आहे याची एस.टी.च्या ड्रायव्हरला गरज नसते. प्रत्येकाने खालच्याकडून सेवा घ्यावी, वरच्याला सेवा द्यावी आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, ही थरांची शिस्त.

सात थरांत सर्वांत तळाशी भौतिक थर असतो: तांब्याची तार, काचेचा तंतू किंवा रेडिओलहरी. त्यावर एका टप्प्यापुरती माहितीची चौकट बांधून ती पुढच्या मुक्कामी पोचवणारा दुव्याचा थर. तिसरा थर पत्ता पाहून वाट ठरवतो. चौथा या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या वाहतुकीची जबाबदारी घेतो. पाचवा संभाषण राखतो, सहावा मजकुराचे रूप सांभाळतो आणि सातवा आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो अर्ज, निकाल किंवा चित्र होऊन. प्रत्यक्ष इंटरनेट चालते ते निराळ्या नियमांवर. ते नियम १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्याने स्वीकारले, आणि त्यांत थर कमी आहेत. शिस्त मात्र तीच.

या शिस्तीचे उपकार मोठे आहेत. खालची तार बदलली तरी वरचे पत्र बदलावे लागत नाही. विद्यापीठाचा निकाल एके काळी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येत असे, मग मोबाईलच्या लहरींवरून आला, आता काचेच्या तंतूतूनही येतो. निकालाच्या पानाला त्याची खबरही नसते.

आता खरा प्रश्न. ग्राहकाच्या घरापासून दूरसंचाराच्या पहिल्या केंद्रापर्यंतचा जो तुकडा, ज्याला 'ॲक्सेस नेटवर्क' म्हणतात, तो या सात थरांत कुठे बसतो? १९९५ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने 'जी.९०२' या शिफारशीत त्याची व्याख्या केली. एका बाजूला ग्राहक, दुसऱ्या बाजूला सेवा देणारे केंद्र, आणि मधे केवळ वाहून नेणारी व्यवस्था. ही व्यवस्था ग्राहकाच्या संकेतांचा अर्थ लावत बसत नाही. म्हणजे पोस्टमनने पाकीट फोडायचे नाही. या अर्थाने हा तुकडा मुख्यतः तळाच्या दोन थरांचा संसार आहे.

पण भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून मला इथे एक भेद महत्त्वाचा वाटतो. थर उभे असतात. टप्पे आडवे असतात. थर कामाची वाटणी सांगतात, टप्पे अंतराची. विट्याच्या मागावर कापड विणताना उभे धागे आणि आडवे धागे वेगवेगळे मोजावे लागतात, तसेच हे आहे. ॲक्सेस नेटवर्क हा एक थर नसून एक टप्पा आहे, आणि त्या टप्प्याच्या पोटात पुन्हा त्याचे स्वतःचे थर आहेत. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की मोठा घोटाळा होतो. सातवा थर कार्यालयात सुरू झाला की कागदोपत्री सगळा देश जोडला जातो, आणि वस्तीवरची मुलगी टेकडीवर चढून मोबाईल आभाळाकडे धरून उभी राहते.

आपल्याकडचे उदाहरण 'भारतनेट'चे. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा तंतू नेण्याची ही योजना २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात पुढच्या टप्प्याचे बरेच काम राज्यशासनाने 'महानेट' या नावाने हाती घेतले. सुरुवातीची रचना 'जीपॉन' या पद्धतीची होती, जिचे प्रमाणक 'जी.९८४' या नावाने २००३ पासून प्रसिद्ध होत गेले. तालुक्याच्या ठिकाणी एक मुख्य यंत्र. त्यातून निघालेला तंतू वाटेत फाटे फोडीत जातो. फाटा फोडणाऱ्या डबीला वीज लागत नाही. ती फक्त प्रकाशाची वाटणी करते. एका तंतूवर चौसष्ट ग्राहक बसवता येतात आणि अंतर साधारण वीस किलोमीटरपर्यंत चालते. खाली येणारा प्रकाश सर्वांकडे सारखाच येतो व जो तो आपल्या नावाचे तेवढे घेतो. वर पाठवताना मात्र सगळ्यांनी एकदम बोलून चालत नाही. मुख्य यंत्र प्रत्येकाला पाळी ठरवून देते आणि ज्याने त्याने आपल्या पाळीतच बोलायचे.

हे वाचले तेव्हा मला परके काहीच वाटले नाही. ही तर पाटाच्या पाण्याची पाळी! मुख्य कालवा, वितरिका, चारी आणि मग वाफा. आमचा जत तालुका म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट बघत म्हातारा झालेला. कालव्याच्या नकाशात आपला तालुका असणे आणि आपल्या वाफ्यात पाणी असणे, यांतले अंतर आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही.

भारतनेटचा तंतू जिथे संपतो, ती जागा म्हणजे ग्रामपंचायतीची कचेरी. आता नकाशा उघडा. सातारा आणि सांगली हे मुळात एकच घर. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांच्या पश्चिमेला जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या डोंगरातल्या वाड्या आहेत, कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडची लाँचने गाठायची गावे आहेत. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. इथे माणसे आपापल्या रानात वस्ती करून राहतात. दोन्हीकडे ग्रामपंचायत एक आणि वाड्या-वस्त्या अनेक. मी एका गावी पाहिले आहे, की कचेरीत पेटी बसलेली आहे, तिच्यावर दिवेही लागतात. पण कचेरीला कुलूप लागले की दिवे विझतात, आणि आमची वस्ती तिथून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर. सात थरांच्या आराखड्यात किल्लीसाठी थर नाही, पायवाटेसाठीही नाही.

दूरसंचारवाले या उरलेल्या तुकड्याला 'शेवटचा मैल' म्हणतात. राजधानीत बसून पाहिले तर तो शेवटचाच दिसणार. शेवटचे काम म्हणजे पैसे उरले तर करायचे, मुदत वाढली तर करायचे! पण गंमत अशी, की प्रमाणके लिहिणाऱ्या मंडळींपैकीच काहींनी हा शब्द उलटा केला आहे. २००४ साली इथरनेटच्या प्रमाणकात घरापर्यंतच्या वाटेसाठी '८०२.३एएच' ही भर पडली. तिच्या कामाला त्यांनी नाव दिले, 'इथरनेट इन द फर्स्ट माइल'. पहिल्या मैलातले इथरनेट! ग्राहकाच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहिले तर हा मैल पहिला आहे, एवढे त्या शब्दात सांगितले आहे.

मला या एका शब्दात सगळे धोरण सामावलेले दिसते. थरांच्या आराखड्यात ज्याला तळ म्हणतात, त्यावर बाकीचे सहा उभे असतात. तळ नसेल तर सातवा थर कितीही देखणा असो, तो हवेतला मजला. आपल्या पाटबंधाऱ्याच्या शेजपाळीतही हेच शहाणपण आहे. पाणी आधी चारीच्या पुच्छाला द्यावे आणि मग वर सरकत शिराकडे यावे, अशी रीत सांगितली आहे. कारण शिराकडचा आधी भिजला की पुच्छाला ओलावाही उरत नाही. पाण्याला जो न्याय, तो माहितीला का नसावा?

कोणी म्हणेल, आता मोबाईल घरोघरी पोचला, तारेचा हट्ट कशाला? यात तथ्य आहे. थरांची शिस्तच सांगते, की खाली तार असो वा लहर, वरच्याला फरक पडू नये. डोंगरात जिथे चर खणणे अवघड, तिथे लहरच योग्य ठरेल. पण मोबाईलच्या मनोऱ्यालाही मागे कुठेतरी तंतूचा आधार लागतो, आणि एका मनोऱ्याची लहर सगळ्या वस्तीला वाटून घ्यावी लागते. शिवाय दरीत लहर पोचत नाही, हे पाटणच्या मुलांना विचारा. तेव्हा तार की लहर हा वाद अभियंत्यांनी मिटवावा. आपला आग्रह एवढाच, की मोजणी घराच्या बाजूने व्हावी. किती पंचायती जोडल्या यापेक्षा, कचेरी बंद असताना किती घरांत अर्ज भरता येतो, हा आकडा जाहीर व्हावा.

दुसरे, वरचा थर चालवणाऱ्यांनी खालच्याची जाणीव ठेवावी. शिस्त म्हणते की वरच्याने खालच्याची चौकशी करू नये. यंत्रांपुरते हे ठीक; माणसांच्या कारभारात ते निष्ठुर ठरते. २०२१ पासून शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाची नोंद करायची पद्धत राज्यभर आली. कल्पना चांगली; पण अशा प्रत्येक कामात, मग तो पीकपाहणीचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा, भरलेली माहिती जपून ठेवून जाळे मिळेल तेव्हा पाठवण्याची सोय असावी. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाळे तुटले, तर त्याचा दंड मुलांच्या माथी मारू नये.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात फाट्यांच्या रचनेऐवजी ग्रामपंचायती कड्याच्या रचनेत जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तंतू तुटला तरी दुसऱ्या बाजूने वाट राहील. शिवाय पंचायतीचे ठिकाण नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना 'मागणीप्रमाणे' जोडणी द्यायची आहे. मित्रहो, 'मागणीप्रमाणे' हा शब्द नीट वाचा. न मागणाऱ्याला काही मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांना जाळे म्हणजे काय हेच ठाऊक नाही, ते मागणार कसे? राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दरवर्षी एखाद्या गावी असते. झाडे लावतो, रस्ता दुरुस्त करतो. त्यातला एक दिवस वाड्या-वस्त्यांच्या मोजणीला द्यावा. कुठे लहर पोचते, कुठे तार, कोणत्या घरात शिकणारे मूल आहे, याचा नकाशा करून ग्रामसभेपुढे ठेवावा आणि ठराव करून घ्यावा. भूगोल विभागाने एवढे तरी करावे, असे मला वाटते.

१९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचे बीज पेरले. शाळा शहरात आहे, ज्याला हवी त्याने यावे, असे ते म्हणाले नाहीत. शाळाच रयतेच्या दारी नेली. शिक्षणाचा पहिला मैल त्यांनी मुलाच्या उंबऱ्यापासून मोजला. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईच्या आईने शाळा लांबूनसुद्धा पाहिली नाही, आईने चौथीला सोडली. त्या दोघींच्या वाटेत अक्कल आडवी आली नव्हती, अंतर आडवे आले होते. आज शाळा, ग्रंथालय, कचेरी सगळीच जाळ्यात जाऊन बसली आहेत. अशा वेळी वस्तीवरच्या आजच्या दहा वर्षांच्या मुलीपुढे तेच अंतर नव्या नावाने उभे राहू द्यायचे का, याचे उत्तर दिल्लीने द्यायचे तेव्हा देईल. आपण ग्रामसभेत ते आधी मागू या.