घर लांब गेले, कामाचा दिवस बारा तासांचा झाला



आपला एखादा सहकारी बदलापूरला, कसाऱ्याला किंवा विरारच्या पलीकडे राहायला गेला, की आपण सहज म्हणतो, "त्याने तिकडे घर घेतले." जणू दादरचे घर त्याला आवडले नाही म्हणून तो तिकडे गेला! खरे तर ही निवड त्याची नव्हे, त्याच्या पगारपत्रकाची आहे.

साधा हिशेब करू. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत नव्याने लागलेल्या ट्रॅकमनचे मूळ वेतन १८,००० रुपये, पोस्टमनचे २१,७००. मोठ्या शहरांतील घरभाडे भत्ता जानेवारी २०२४ पासून ३० टक्के झाला. म्हणजे एकाच्या हातात ५,४०० रुपये, दुसऱ्याच्या ६,५१०. एवढ्या पैशांत मुंबई बेटावर बायकामुलांना घेऊन राहता येईल अशी खोली कोणी दाखवावी! हा ३० टक्क्यांचा दरही नवा नाही. सहाव्या आयोगात तो होताच. जुलै २०१७ मध्ये तो २४ टक्क्यांवर उतरवला गेला आणि पूर्ववत व्हायला साडेसहा वर्षे लागली. तेवढ्या काळात घरमालक काही थांबला नव्हता.

मग माणूस लोकलच्या नकाशावर पुढे पुढे सरकतो. मुंबईपासून बदलापूर ६८ किलोमीटर. घरातून निघून कामावर पोहोचायला दोन तास, परतायला दोन तास. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे शंभर तास, म्हणजे आठ तासांच्या साडेबारा पाळ्या. त्यांचा ना पगार, ना ओव्हरटाइम. ज्या आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी रक्त सांडले, तो आपण बिनबोभाट बारा तासांचा करून टाकला आहे. आरएमएसमध्ये रात्री पाळी संपली आणि शेवटची लोकल गेली, की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत पिशव्यांच्या शेजारीच पाठ टेकणारे साथी आपल्यातच आहेत.

हा प्रश्न जिवाचाही आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्यांत लोहमार्ग पोलिसांचा एक शिपाईही होता.

परळ, माटुंगा, कल्याण, इगतपुरी, भुसावळ येथे रेल्वेने वसाहती बांधल्या, त्या काही धर्मादाय म्हणून नव्हेत. कॉल बॉयने दार ठोठावले की ड्रायव्हर-गार्ड वेळेत गाडीवर हजर व्हावा, ही कामाचीच गरज होती. ती गरज आजही आहे. कमी झाली आहे ती क्वार्टरची दुरुस्ती. छत गळते, भिंतीला ओल येते, मग कामगारच क्वार्टर सोडतो आणि प्रशासन म्हणते, "मागणी नाही."

येथे आपल्याच काही साथींशी मतभेद सांगितला पाहिजे. ते म्हणतात, "क्वार्टर नको, भत्ता वाढवून घ्या. क्वार्टर निवृत्तीला सोडावे लागते, भत्त्यातून निदान स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता तरी जातो." ही भीती खोटी नाही. पण भत्ता वाढला की भाडेही वाढते, आणि वाढलेला पैसा घरमालकाच्या खिशात जातो. शिवाय कंत्राटी सफाई कामगाराला हा भत्ता नाहीच, त्याने काय करावे? भत्त्याची लढाई सोडायची नाही, पण केवळ तिच्यावर थांबणे म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडून देणे होय.

जमिनीचे काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. आज तेथे मॉल आणि टॉवर उभे आहेत. रेल्वेच्या जमिनींच्या व्यापारी विकासासाठीही २००६ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. आज आपण गाफील राहिलो, तर उद्या आपल्या वसाहतींच्या जागी काय उभे राहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. घरभाडे भत्ता शहरातील प्रत्यक्ष भाडे पाहून ठरवा. रेल्वे आणि टपाल खात्याच्या जमिनीवर पहिला हक्क कामगारांच्या निवासाचा माना. वसाहतीच्या पुनर्विकासात एकही क्वार्टर कमी करू नका. रात्रपाळीच्या कामगाराला कामाजवळ जागा द्या, कंत्राटी कामगारालाही त्यात धरा.

प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात एवढे करावे: आपल्या वसाहतीत किती क्वार्टर रिकामे आहेत, किती नादुरुस्त आहेत, आणि किती साथी रोज चार तास प्रवास करतात, याची यादी तयार करावी. मागणीपत्रामागे अशी यादी असली, की "मागणी नाही" हे उत्तर देता येत नाही.